चावीवाल्याचा शेवटचा प्रसंग

प्रति,
मा. चित्रपट जतन अधिकारी,
सार्वजनिक चित्रपट संग्रह कार्यालय,
दुसरा मजला, टपाल कचेरीच्या वर.

विषय : 'तीन मुली आणि एक दुर्बीण' या चित्रपटाच्या शाळकरी मुलांसाठीच्या खेळात 'समाप्त' या पाटीनंतर थोडा वेळ मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा आधीचा अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर : "चित्रपट काल्पनिक असल्याने कोणाचीही बदनामी होत नाही. अर्ज निकाली."

महोदय,

१. अर्जदार ही वरील चित्रपटातील तीन मुलींपैकी 'मोठी' होय. (आधीच्या अर्जात 'मी' असे लिहिले होते. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आजी, मी-मी नको, अर्जदार लिहा. साहेबांना वाचायला सोपं जातं." म्हणून या वेळी तसे लिहिले आहे.) 'मधली' ही अर्जदाराची सख्खी बहीण आणि 'धाकटी' ही शेजारची. चित्रपट अर्जदाराच्या काकांनी, म्हणजे वडिलांच्या पाठच्या भावाने काढला. त्यातल्या चावीवाल्याचे काम वडिलांनी केले. ते खरोखरच चावीवाले होते. कुलपे दुरुस्त करणे व किल्ल्या घासून देणे हा त्यांचा धंदा. नट आणणे काकांना परवडत नव्हते, आणि वडिलांनी काकांना कधी कशाला नाही म्हटलेले नव्हते.

२. कथा अशी लिहिली होती. शाळेची दुर्बीण पेटीसकट नाहीशी होते. कपाटाचे कुलूप फोडलेले नसते, नीट उघडलेले असते. तीन मुली माग काढत चावीवाल्याच्या दुकानात पोचतात, पेटी सापडते, आणि मुली त्याला दारातल्या खांबाला बांधतात. तेवढ्यात शाळेचा विसरभोळा शिपाई धापा टाकत येतो. पेटीची किल्ली हरवली म्हणून नवी करायला ती त्यानेच दुकानात आणून ठेवलेली असते. चावीवाला निर्दोष ठरतो. मुली दोरी सोडतात.
आपण जो चित्रपट जतन केला आहे त्यात शिपाई येतच नाही. मुली चावीवाल्याला बांधतात, त्यांची मिरवणूक निघते आणि 'समाप्त' अशी पाटी येते.

३. ते दिवस अर्जदाराला लख्ख आठवतात. तिघींचे फ्रॉक एकाच पडद्याचे शिवले होते, त्यामुळे घराच्या खिडकीत पडदाच नव्हता, आणि आई आल्यागेल्याला सांगायची, "पडदा सिनेमात गेलाय." पाठलागाला गल्ली एकच होती. आधी इकडून तिकडे पळायचे, मग तिकडून इकडे, म्हणजे दोन गल्ल्या झाल्या. दुर्बीण म्हणजे पत्र्याची नळी, आत काच नाही. तरी आम्ही तिच्यातून पाहायचो आणि लांबचे जवळ दिसते असे एकमेकींना शपथेवर सांगायचो. वडील कॅमेऱ्यासमोर लाकडासारखे उभे राहायचे. काका ओरडायचे, "दादा, चोर वाटला पाहिजेस! जरा इकडेतिकडे बघ की!" वडील म्हणायचे, "अरे, पण मी चोर नाहीये ना शेवटी?" काका म्हणायचे, "शेवटी नाहीस. आत्ता आहेस." या एका बोलण्यावर विसंबून वडील इकडेतिकडे बघायला तयार झाले.

४. चित्रपट आमच्या भागातल्या थिएटरात लागला. मुले खुर्च्यांवर उभी राहून ओरडली. अर्जदार आणि तिची बहीण अभिमानाने बसल्या होत्या. वडील आणि आई शेवटचा प्रसंग येण्याची वाट पाहत होते. दिवे लागले तरी वडील उठले नाहीत. त्यांना वाटले, अजून एक रीळ लावायचे राहिले असेल.
त्यानंतर रस्त्यावरची मुले त्यांना पाहिले की "पकडा, पकडा" म्हणून धावायची. ते हसायचे, खोटे खोटे पळायचेसुद्धा. पण मोठी माणसेही बदलली. पूर्वी लोक घराचे कुलूप दुकानात टाकून बाजारात जायचे. आता किल्ली घासून होईपर्यंत समोर उभे राहू लागले. म्हणायचे, "गंमत हो, मनावर घेऊ नका," आणि जाताना विचारायचे, "जास्तीची किल्ली नाही ना केलीत?" महोदय, चावीवाल्याचा धंदा हातातल्या कानशीपेक्षा लोकांच्या भरवशावर चालतो. पुढे तर कुलपे येणेच बंद झाले. वडिलांनी छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायला घेतले. दुकानावरची किल्लीची पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली.

५. शेवटचा प्रसंग कुठे गेला, असे वडिलांनी काकांना विचारले तेव्हा काका म्हणाले, "दादा, लॅबमध्ये खराब झाला. फिल्म धुताना जळली." वडिलांनी ते मानले. इतके मानले की एकदा परगावचा एक गृहस्थ ट्रंक घेऊन दुकानात आला आणि बोलता बोलता आपण पूर्वी अशाच एका लॅबमध्ये होतो म्हणाला, तर वडिलांनी त्याच्याकडून ट्रंकेच्या कुलपाचे पैसे घेतले नाहीत. वर समजूत घातली, "होतं हो हातून एखाद्या वेळी. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" त्या बिचाऱ्याला कशाचा काही पत्ता नव्हता. हे सगळे घडत असताना काका दुकानातच स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही की वर पाहिले नाही.

६. आपल्या कार्यालयाने चित्रपट जतन झाल्याचा समारंभ केला. काका आता नाहीत, वडील त्यांच्याही आधी गेले. त्या वेळचे कॅमेरामन मात्र आहेत, आणि आपण त्यांना आठवणी सांगायला व्यासपीठावर बोलावले. अर्जदार तिसऱ्या रांगेत नातीबरोबर बसली होती. कॅमेरामन म्हणाले, "फिल्म संपत आलेली. एकतर मिरवणूक घेता येईल नाहीतर चावीवाल्याचा प्रसंग. दिग्दर्शक म्हणाला, मिरवणूक घे, पोरांना जिंकलेलं आवडतं. पण चावीवाला हटूनच बसला. मग काय, रिकामा कॅमेरा फिरवला! दिग्दर्शक अॅक्शन म्हणून ओरडतोय, मी डोळा लावून बसलोय, आणि आत रीळच नाही!"
सभागृह हसले. आपणही हसलात. त्याबद्दल तक्रार नाही. अर्जदारही हसली. सगळे हसत असले की तोंड आपले आपण हसते. नातीने विचारले, "आजी, चावीवाला म्हणजे पणजोबाच ना? मग ते चोर नव्हते?" अर्जदाराला तिला उत्तर देता आले, पण त्या दिवशी सभागृहातल्या इतर मुलांना कोणी दिले नाही.

७. आपले उत्तर असे की चित्रपट काल्पनिक आहे. मान्य. पण दुकान खरे होते, पाटी खरी होती आणि तोंड खरे होते. आपण खेळाची जी भित्तिपत्रके शाळांतून लावली आहेत त्यांवर 'चोर कोण? ओळखा पाहू!' असे छापून खाली वडिलांचे छायाचित्र घातले आहे. अर्जदाराच्या नातीच्या शाळेत ते फाटकावरच आहे. काल्पनिक माणसाचे छायाचित्र निघत नाही, एवढे तरी कार्यालयाने लक्षात घ्यावे.

८. अर्जदाराने बहिणीला दूरध्वनी केला. ती म्हणाली, "ताई, सोड ना आता. काका वाईट नव्हता गं." काका वाईट नव्हते हे अर्जदारालाही ठाऊक आहे. त्यांनी आम्हाला खांद्यावर बसवून फिरवले. परक्याने फसवले असते तर वडिलांनी चौकशी तरी केली असती. लॅबवाल्यांना त्यांनी जन्मभर क्षमा केली. ज्याला करायची त्याला करण्याची संधी त्यांना मिळाली नाही, ती सख्ख्या भावाने चहा पीत पीत काढून घेतली. हे सोडायचे कसे, ते बहिणीने सांगितले नाही. मात्र सोबत जोडलेल्या संमतीपत्रावर तिने सही केली आहे.

९. आधीच्या अर्जात खेळ बंद करण्याची मागणी होती. ती अर्जदार मागे घेत आहे. चित्रपट मुलींना आवडतो, आणि तीन मुली स्वतःच्या डोक्याने माग काढतात हे त्या काळी कोणी दाखवत नव्हते. शेवटी खुलाशाची पाटी घालावी असेही अर्जदाराने खिडकीवर तोंडी सुचवले होते. त्यावर "मूळ कलाकृतीत फेरफार करता येत नाही" असे कळले. तेही मान्य. फेरफार नकोच.
आता मागणी एवढीच की 'समाप्त' आल्यावर दिवे लावू नयेत, दारे उघडू नयेत आणि प्रोजेक्टर तसाच रिकामा चालू ठेवावा. रिकामा कॅमेरा चालवता आला, तर रिकामा प्रोजेक्टर चालवायला नियमाची अडचण येऊ नये. पडद्यावर नुसता उजेड राहील. त्या उजेडात अर्जदार पुढे उभी राहून तो प्रसंग मुलांना सांगेल. ध्वनिक्षेपक लागणार नाही. अर्जदाराचा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

१०. प्रसंगाचा मजकूर मंजुरीसाठी खाली देत आहे. शिपाई येतो, कपाळावर हात मारून घेतो आणि पेटी आपणच आणून दिल्याचे सांगतो. मुली दोरी सोडतात. मोठी मान खाली घालून म्हणते, "चावीवाले काका, चुकलं आमचं." चावीवाला मनगटे चोळतो, नवी किल्ली लावून पेटी उघडतो आणि दुर्बीण मोठीच्या हातात देतो. मग त्याचे एक वाक्य आहे. वडील ते वाक्य किल्ल्या घासताना, अंघोळ करताना, जेवताना म्हणून पाहायचे. आई वैतागून म्हणायची, "अहो, कुणी विचारलंय का तुम्हाला!" चित्रीकरणाच्या दिवशी मात्र ते लाकडासारखे उभे राहिले नाहीत. आमच्यासमोर उकिडवे बसले, तिघींकडे एकेक करून पाहिले आणि इतक्या हळू बोलले की शेजारची धाकटी खरेच रडली. काकांनी पाठ फिरवून डोळे पुसले. दादाचे काम त्यांना आवडले, असे तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटले. वडिलांनाही.
वाक्य असे होते : "पोरींनो, विचारलं असतंत तर सांगितलं असतं."
हे मुलांच्या कानावर पडले की दिवे लावायला अर्जदाराची हरकत नाही.

खेळाच्या दिवसाआधी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपल्या होकाराची वाट पाहणारी,
(सही)
अर्जदार, चित्रपटातील 'मोठी', चावीवाल्याची थोरली मुलगी
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) कार्यालयाच्या उत्तराची प्रत.
२) बहिणीचे संमतीपत्र.
३) शाळेच्या फाटकावरील भित्तिपत्रक. (न विचारता काढून आणले आहे. परत मागू नये.)