वन्संचा आकडा

४ जून

ति. वन्संना, सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. मुलांच्या परीक्षा आटोपल्या. तुमचे बंधू नेहमीसारखेच, अप्पा तापले की चपला घालून बाहेर पडतात.

आता मुद्द्याचं, रागावू नका. महागाई जेमतेमच वाढली असं पेपरात आलं. अप्पांनी ते कात्रण स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. हा आकडा माझी लेक काढते, असं दूधवाल्यालाही ऐकवतात. त्याच आकड्याने त्यांची पेन्शन वाढली आणि तेवढीच वाढ घरखर्चाला माझ्या हातावर ठेवली. महिनाअखेरीआधीच पैसे संपले. तेव्हा शेजारच्या काकूंसमोर म्हणाले, सरकारला देश चालवता येतो, हिला घर चालवता येत नाही. पैसे माहेरी तर जात नाहीत ना?

वन्सं, मी कोरा चहा पिते आहे. आणि वर चोर ठरले. त्या कात्रणाकडे पाहिलं तरी किळस येते. तुम्ही नेमके कुठले भाव लिहून घेता हो?

लोभ असेलच, म्हणून तर लिहिलं.

तुमची वहिनी

११ जून

ति. अप्पांना, सा. न. वि. वि.

वहिनीने कळवलं. तिला बोलू नका, आधी माझं वाचा.

दर महिन्याला दुकानं फिरून मी भाव टिपते, हे खरं. पण तुम्ही वापरता तो साबण महागला, तेव्हा साहेब म्हणाले की लोक आता स्वस्तातला घेतात, तोच धर. तोही महागला, मग त्याहून हलका. मटण गेलं, अंडी आली. चांगलं तेल गेलं, सुटं आलं. माणसं पोटाला चिमटा घेतात आणि आम्ही लिहितो, महागाई आटोक्यात. आकडा लहान ठेवला की पेन्शनीही फार वाढवाव्या लागत नाहीत, असं साहेब डबा खाताना हसत बोलले. त्यांच्या डब्यात मटण होतं. मी माझा डबा तसाच बंद केला, अप्पा. आणि तरी दुपारी मी तो हलका साबणच धरला.

तुमच्या कौतुकापायी गप्प राहिले. त्या कौतुकाची किंमत वहिनी मोजते आहे. ते कात्रण काढा आणि एकदा पिशवी घेऊन स्वतः बाजारात जा.

लोभ असावा, हे लिहायला आज हात धजत नाही, तरी असावा.

तुमची छबू

१८ जून

चि. छबूस, अनेक आशीर्वाद.

गेलो. या महिन्याची पेन्शनीची वाढ खिशात होती. दुकानदाराला तुझा आकडा ऐकवला, तर त्याने विचारलं, आजोबा, हा कुठल्या देशातला? मागची माणसं हसली. मग तुझा हलका साबण आणि सुटं तेल घेऊन आलो. साबणाने अंगभर खाज सुटली. तेल तापलं तशी त्या वासाने मोरीत जाऊन ओकलो.

सूनबाईची माफी मागायची तर तोंड उघडेना. शेवटी काकूंना बोलावलं, कारण त्यांच्यासमोरच तिची शोभा केली होती. त्यांच्यादेखत म्हणालो, चोर या घरात नाही. तिने चहा टाकला. तिच्या कपात मी दूध ओतलं, तेव्हा तिने हात आडवा धरला नाही.

कात्रण खरवडून काढलं. दारावर डाग राहिला आहे.

आज दूधवाल्याने विचारलं, लेक काय म्हणते. बरी आहे म्हणालो. काय करते ते या खेपेला सांगितलं नाही.

माझा लोभ आहे तसाच आहे. त्याच्या जागी हलका धरू नकोस.

अप्पा