रांगोळीने घासलेल्या काचा

२० नोव्हें. २००७
अकोल्याची ट्रिप. परतताना मूर्तिजापूरच्या पुढे दिवस बुडाला आणि उजवीकडचा आरसा दिसेनासा झाला. आरसा जागेवर होता, दाराची काच धुरकट. फडक्याने पुसली, पाणी मारून पुसली, तशीच. समोरून ट्रकचे लाइट पडले की सगळी काच पांढरी. शेवटी काच खाली करून चालवली, कान बधिर झाले. मागे मुंबईहून आलेले समितीवाले साहेब, शेतकऱ्यांचे हाल पाहायला आलेले. तेही बिचारे आपल्या बाजूची काच रुमालाने पुसत राहिले. शेती बसली आणि आम्हा भाड्याच्या गाडीवाल्यांना बरे दिवस आले, हे लिहितानाही कसंसंच वाटतं.

२१ नोव्हें.
उजेडात पाहिलं. चारही दारांच्या काचांवर गोल गोल ओरखडे, एकावर एक. कोणीतरी जीव लावून घासलंय. समोरची मोठी काच तेवढी शाबूत.
नंदाला विचारलं तर तिने मला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं. म्हणाली, "बाबांनी."
मामाजी, म्हणजे माझे सासरे. पातूरकडचे. सासूबाई गेल्यावर दिवाळीला पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले. लेकीच्या घरी बसून खायचं नाही हा बाणा, म्हणून रोज सकाळी गाडी पुसतात. परवा दिवाळीतली उरलेली रांगोळी ओल्या फडक्यावर घेऊन काचा घासल्या. गावात कंदिलाची काच अशीच साफ करतात. लोडशेडिंगच्या कृपेने आमच्याकडेही कंदील आहे, त्याची काच त्यांनी आल्याआल्या लखलखीत केली होती. तेव्हा मीच कौतुक केलं. मोठी काच वाचली ती रांगोळी संपली म्हणून.
रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा. डोकं असं सणकलं की...
नंदा म्हणे, "त्याइले काई बोलू नका. एका शब्दावर गावाले निघून जातीन. तिथं कोन हाये? मांगच्या बार चक्कर येऊन वावराच्या धुऱ्यावर पडले, सांजलोक कोनाले पत्ता नाई."
बरं म्हणालो. राग गिळायची सवय नाही मला.

२३ नोव्हें.
रफीकभाईकडे गाडी. गाड्यांच्या काचांचं काम अमरावतीत तोच करतो आणि बोलतोही तोच. काचेवरून नख फिरवलं. "देखो भाऊ, नख अटकलं नाई त पावडरनं जाते. अटकलं त काच बदलाची, बात खतम." तीन काचांवर नख सरकलं. ड्रायव्हरच्या काचेवर अटकलं. सगळ्यात जास्त माया त्याच काचेवर केलेली दिसते.
फिकट गुलाबी पावडर पाण्यात कालवली, मशीनला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती लावली. मागची डावी काच घाईघाईत तापली. ओरखडे गेले पण लहर आली. तिच्यातून समोरचा विजेचा खांब वाकडा दिसतो. रफीकभाई कान खाजवत म्हणाला, "जल्दी झाली यार, माह्यी गलती." उरलेल्या दोन काचा पाणी मारत, थांबत थांबत केल्या. त्या स्वच्छ निघाल्या. वाकडा खांब आता मागे बसणाऱ्याच्या नशिबी.

२४ नोव्हें.
मामाजींनी विचारलंच, "जवाई, काचा काहून घासून आनल्या?"
सांगितलं, दाराच्या रबरात रेती बसली होती, काच खालीवर करताना ओरखडे पडले. थाप मारली.
दुपारी पाहतो तर म्हातारा जुना दातांचा ब्रश घेऊन चारही दारांच्या पट्ट्या साफ करत बसलेला. आणि चिमूटभर रेती निघाली खरंच. "पाहा, तुमी बरोबर बोलले," म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

२६ नोव्हें.
अकोल्याला भाडं होतं, तिथल्या भंगारबाजारात आमच्या मॉडेलची ड्रायव्हर बाजूची काच सापडली. जुनी, पण नखाला कुठे अटकत नाही. रफीकभाईने सांजेला बसवून दिली. बडनेरा रोडला मुद्दाम एक चक्कर मारली. मागून येणारा सायकलवालासुद्धा आरशात स्पष्ट. इतकं मोकळं वाटलं की उगाच हॉर्न वाजवला.

२७ नोव्हें.
घरात सगळे नको तितके गोड बोलतात. नंदाने नव्या आणलेल्या रांगोळीचा डबा गव्हाच्या कोठीत दडवला. मी मामाजी उठायच्या आत गाडी धुऊन टाकतो. ते बादली घेऊन येतात, गाडी ओली दिसते, बादली ठेवतात.
जेवताना म्हणाले, "उद्या सकायच्या यष्टीनं जातो."
कोणी काही बोललं नव्हतं तरी. नंदा उठून आत गेली.

२८ नोव्हें.
सकाळी गाडी धूत होतो. मामाजी पिशवी घेऊन आले, बाजूला उभे राहिले.
"रांगोळी लपवली पोरीनं. मले काय समजत नाई? काचा म्याच खराब केल्या."
हो म्हणालो.
"मंग बोलले काहून नाई? तुमच्या बापानं घासल्या असत्या त?"
"बापाले त लय बोललो असतो."
"तेच म्हन्तो. घरच्या मानसाले लोक बोलतात. पाहुन्याले सांभायतात. पाहुना किती दिवस राहीन?"
काय झालं कोणास ठाऊक, आठ दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. दगड घासता का काचेवर, विचारता येत नव्हतं का, आरसा दिसला नसता न् कोनाचा जीव गेला असता त? वरच्या पट्टीत. शेजारचे दारात आले. नंदा कणकेच्या हातांनी धावत आली आणि जागेवर थिजली.
मामाजींनी सगळं ऐकलं. मान हलवत. मग पिशवी खाली ठेवली. "झालं? आता माह्यं आयका. तुमी रोज सांजच्याले धूळभरल्या काचा कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसता. ते धूळ काय लोनी हाये?"
खरंच रोज पुसतो.
आठवडाभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं. भांडून हलकं वाटलं म्हणजे माझंही कल्याणच आहे.

२९ नोव्हें.
कालची यष्टी गेली, आजचीही. विषय कोणी काढला नाही.
मामाजींचा नवा कायदा: आधी वरून पाणी ओतायचं, धूळ वाहू द्यायची, मग ओलं मऊ फडकं. काच खाली करायच्या आधी पट्टीवर ब्रश. मी दारात उभा राहून ऐकतो. सकाळी बादली त्यांची, सांजेला माझी.
बटईने, अर्ध्या वाट्यावर दिलेल्या शेतातली तूर निघाली की गावाला जावं लागेल, असं मात्र दोनदा म्हणाले. किती दिवस, ते नाही बोलले.
दुपारी जेवताना पहिल्या घासालाच थांबले. "नंदे, भाजी खारट झाली."
तीन आठवडे झाले, त्यांनी या घरात कशालाच नाव ठेवलं नव्हतं. नंदा वाटी घेऊन आत गेली. मी पाणी घ्यायला गेलो तर ओट्याला टेकून उभी. हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मी भाजी चाखून पाहिली. खारट होती.