बाटलीवरची आजी

दि. ९ फेब्रुवारी

चि. बबडीस,
आजीचे अ. आ.

फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी पदरचं घालते, म्हणून आपलं पत्रच बरं. काल तुझ्या कंपनीची गाडी मला थेट दारात सोडून गेली. सगळी गल्ली खिडक्यांत उभी. मी गुडघ्याचं निमित्त करून मुद्दाम सावकाश उतरले.

तुमच्या साहेबांना तेलाच्या बाटलीवर छापायला खरीखुरी आजी हवी होती आणि तू माझं नाव पुढे केलंस, तुला काय म्हणू? लग्नाच्या फोटोत तुझ्या आजोबांच्या खांद्यामागून माझा एक कान तेवढा दिसतो. आता म्हणे दुकानादुकानात मी!

पण एक सांगते. त्या नटवणाऱ्या मुलीने माझा अंबाडा सोडला. निघाली काय, तर शेळीच्या शेपटीएवढी वेणी. मग तिने पेटीतून गंगावन काढलं. कुणाच्या डोक्यावरचे केस, धुतलेले की नाही, कोण जाणे! ते मानेला लागलं तशी मला शिसारी आली. मग आरशात पाहिलं आणि बबडे, खोटं कशाला बोलू, शिसारी कुठल्या कुठे पळाली. मनगटाएवढी वेणी! आणि गंमत म्हणजे तुमचं तेल माझ्या डोक्याला थेंबभरही लावलं नाही. फोटोवाला म्हणाला की तेलाने केस चपटे दिसतात, फोटो बिघडतो. मी हसले, त्याने तेवढ्यात फोटो काढला. तोच पसंत पडला म्हणे.

आजोबा बरे आहेत. वेणीची हकिकत ऐकल्यापासून, ती फोटोतली बाई घरी का आली नाही, असं विचारतायत.

माझी माया आहे तशीच आहे, ती काही जाहिरातीवर अवलंबून नाही.
तुझी आजी


दि. २ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत पहिल्या छपाईच्या बाटल्यांचं खोकं पाठवते आहे. तू काय दिसतेस आजी! आमच्या लेबलांच्या टेबलावर दिवसभर तूच तू. नाव ठेवलंय ‘आजीचं तेल’. खाली लिहिलंय, शंभर टक्के नैसर्गिक, गेलेले केस परत.

माझीही एक बातमी आहे. लेबलावरचं एक वाक्य मी लिहिलं. ज्यांना आधी लावायला दिलं होतं त्यांतल्या काही बायका डोकं खाजतं म्हणाल्या, तेव्हा साहेबांनी मला यावर काहीतरी गोड लिही म्हणून सांगितलं. मी लिहिलं, ‘सुरुवातीला खाज सुटली तर समजा, मुळं जागी होत आहेत.’ साहेब खूश झाले. महिनाअखेर मला कायम करतो म्हणाले. लेबलं सरळ चिकटली का ते बघत बसण्यातून सुटेन एकदाची.

आजोबांना नमस्कार. तुझी आठवण येते, आता तर जरा जास्तच, समोरच असतेस ना.
तुझी बबडी


दि. १० मार्च

चि. बबडीस,
अ. आ.

खोकं मिळालं. बाटली कपाटावर अशी ठेवली आहे की आल्यागेल्याला दिसलीच पाहिजे. शेजारच्या शिवणवाल्या बाई दोनदा उगाच सुई मागायला आल्या. सुया त्यांच्याकडे ढिगाने.

आता तेलाचं ऐक. आपल्याच नावाचं तेल, लावायला नको? चांगलं चोळून लावलं. अगं बाई, काय तो चिकटा! बोट केसात घातलं तर बाहेर काढताना चक्क आवाज येतो. वास आधी फुलांचा, मग डांबराचा, आणि दुपारपासून असा की कोपऱ्यात काहीतरी मरून पडलंय. मी पलंगाखाली वाकून बघून आले. उशीचा अभ्रा हिरवा झाला तो उकळूनही पांढरा होईना. फणीच्या दातांत काळपट लगदा साचला, तो काडीने उकरून काढावा लागला. माशी येऊन बसली ती तिथेच चिकटली, तडफडली बिचारी. आजोबांनी बाकीचं तेल कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीत घातलं. दार गप्प झालं हो, गुण नाही असं नाही म्हणता येणार.

खरं सांग, त्यात आहे काय? घरातलं साधं तेल मी जन्मभर लावलं, त्याने केस मऊ राहिले, उगवले बिगवले नाहीत, पण घाणही वाटली नाही कधी.

अभ्र्यावरचा राग तुझ्यावर नाही, हे वेगळं सांगायला नको.
तुझी आजी


दि. १६ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव. पिंपांत येतं ते पॅराफिन, म्हणजे जमिनीतून काढलेल्या खनिज तेलाचंच भावंड. त्यात हिरवा रंग आणि वास. खरं तेल बाटलीमागे चमचाभरही नसेल. मी साहेबांना विचारलं की मग नैसर्गिक कसं म्हणायचं. ते म्हणाले की जमिनीतूनच तर येतं, याहून नैसर्गिक आणखी काय असतं? सगळे हसले. मीही हसले.

पॅराफिनने काही होत नाही म्हणतात, वरून चकाकी येते एवढंच. खाज सुटते ती बहुतेक वासाने. तू लावू नकोस. कपाटावर राहू दे नुसती.

रागावू नकोस, महिनाअखेर जवळ आलाय.
तुझी बबडी


दि. १९ मार्च

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

कितीतरी वर्षांनी लिहिते आहे. तू चकित होशील. दहा-बारा दिवसांपूर्वी दुकानात साबण घ्यायला गेले तर फळीवरून तू माझ्याकडे बघून हसतेस! मी तिथेच ओरडले, ही माझी बहीण आहे म्हणून. दुकानदार मला वेडीच समजला.

ताई, तुला कळवलं नव्हतं, लाज वाटत होती. माझ्या डोक्यात चाई पडली आहे. केस जाऊन गोल गोल गुळगुळीत चट्टे झालेत, एक तर अगदी टाळूवर. धुलाईच्या दुकानात मी खाली वाकून कपड्यांचा नंबर लिहिते आणि गिऱ्हाइकांची नजर नेमकी तिथे. रुमाल बांधून बसते, उकाड्यात डोकं नुसतं शिजतं. डॉक्टरीणबाईंचं मलम लावत होते, त्याला वेळ लागेल म्हणाल्या होत्या. पण या वयात तुझी ती वेणी पाहिली आणि मलम बंदच करून टाकलं. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर मी भुलले नसते. तू खोटं कशाला सांगशील?

आता रोज तुझंच तेल. खाज फार सुटते, पुरळही उठलंय, मानेपर्यंत लाल झालंय. पण बाटलीवर लिहिलंय ना, मुळं जागी होत आहेत. म्हणून दुप्पट लावते. तू आधी का नाही सांगितलंस गं?

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
धाकटी


दि. २३ मार्च

चि. बबडीस,
अ. आ.

मावशीआजीचं पत्र यातच घातलंय. वाच. मग पाणी पी आणि पुन्हा वाच.

मला माझी घाण वाटते आहे, बबडे. त्या चिकट्याची वाटली त्याहून जास्त. कपाटावरची बाटली काढली तर खालचा कागद तिच्याबरोबर फाटून आला. मला बघून माझी बहीण औषध टाकून देते, डोक्यावर पुरळ उठवून घेते, वर मलाच विचारते, आधी का नाही सांगितलंस! आणि इथे मी शिवणवाल्या बाईंना सांगत सुटले होते की फोटो उजवीकडून जास्त चांगला येतो माझा.

२६ तारखेच्या गाडीने तिच्याकडे जाते आहे. हे पत्राने सांगण्यासारखं नाही. तुझी नोकरी कायम व्हायची आहे हे माझ्या ध्यानात आहे, म्हणून आधी तुला कळवते. विचारत नाही, कळवते.

तुझीच,
आजी


दि. २४ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. मुळांचं ते वाक्य माझं आहे, आजी. मावशीआजी ते वाचून दुप्पट तेल लावते आहे.

तरी एक मागते. तिला मलम सुरू कर म्हणून सांग, तेल बंद कर म्हणून सांग, पण फोटोचं आणि गंगावनाचं महिना संपेपर्यंत सांगू नकोस. तिच्या दुकानात चार लोक येतात, बोलणं पसरतं. साहेबांच्या कानावर गेलं तर मी परत लेबलांच्या टेबलावर, किंवा तिथेही नाही. आठवडाभराचाच प्रश्न आहे.

रागावलीस तरी लिहीत जा.
तुझी बबडी


दि. २८ मार्च

चि. बबडीस,
अ. आ.

तुझं पत्र मी निघाले त्या सकाळीच मिळालं. वाचलं, पिशवीत ठेवलं आणि निघाले. तुझं ऐकलं नाही. का, ते सांगते.

मी पोचले तेव्हा धाकटी डोक्याला पंचा गुंडाळून बसली होती. पंचा सोडला आणि मी नाकाला हात लावला. तेल, पुरळ, त्यातून सुटलेलं पाणी, सगळ्याचं मिळून जे काही झालं होतं ते लिहीत नाही, तू जेवत असशील. तिला मोरीत बसवलं आणि साध्या साबणाने डोकं धुतलं. पाणी नुसतं ओघळून जात होतं, बदकाच्या पाठीवरून जावं तसं. पुन्हा धुतलं. मोरीची जाळी बुळबुळीत झाली, ती नंतर मीच घासली. घासताना तुझ्या साहेबांचे सगळे पूर्वज आठवले.

ती विचारत होती की मी तेल किती वेळ ठेवते, रात्रभर की तासभर. इतक्या भोळेपणाने विचारत होती की मला अर्धं खरं सांगताच येईना. मी डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला आणि तिच्यापुढे बसले. सगळं सांगितलं.

मला वाटलं ती हसेल. लहानपणी माझ्या फजितीवर ती लोळून हसायची. हसली नाही. जेवणं झाली. भांडी विसळताना पाठ करूनच म्हणाली की कंपनी परकी, तिने फसवलं तर त्यात नवल काय, पण ताई, तू त्या फोटोत हसलीस कशाला? बबडे, मी तिच्या हातातली भांडी घेऊन पुसत राहिले. मी, जिला गप्प बसवायला आजोबांची हयात गेली!

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या की तेलाने केस मऊ राहतात, विंचरताना कमी तुटतात, एवढाच तेलाचा गुण. तेवढ्यासाठी घरातलं साधं तेलही पुरतं. चट्ट्यावर केस आणायचं काम कुठल्याच तेलाचं नाही. पुरळ आधी बरं होऊ दे, मग मलम पहिल्यापासून. मधले दिवस फुकट गेले म्हणाल्या. ते माझ्या खात्यावर.

बाहेरच्या बाकावर एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. तुम्ही त्या तेलावरच्याच ना, असं तिने विचारलं आणि लेकीसाठी घेऊ का म्हणाली. धाकटी माझ्याकडे बघत होती, मी काय बोलते ते. मी उभी राहिले, पदर खाली घेतला आणि सगळ्या बाकांना माझी शेळीची शेपटी दाखवली. त्या तेलात काय आहे, वेणी कुणाची होती, सगळं मोठ्याने सांगितलं. कंपाउंडर औषध द्यायचं सोडून ऐकत होता. परत येताना धाकटीने माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली. बोलली नाही, पण घेतली.

तुझं नुकसान मी केलंय, हे जाणून आहे. हवं तेवढं बोल मला.
तुझी आजी


दि. २ एप्रिल

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी रागाने रडले. मग मावशीआजीचं पत्र पुन्हा वाचलं आणि साहेबांकडे गेले. म्हटलं, आजीची संमती नाही, फोटो काढा, आणि खाजेचं ते वाक्यही काढा. ते बिलकूल चिडले नाहीत. फोटो बदलू म्हणाले, आज्यांना काय तोटा. वाक्य मात्र राहील, त्यानेच तर दुसरी बाटली खपते.

त्यांच्या आई रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन येतात. केस आहेत चांगले. मी म्हटलं, मग आईंचाच फोटो लावा ना. तर साहेबांनी असं तोंड केलं की ताटात झुरळ निघालं असावं. म्हणाले की छे, मग ती बाटली मागेल, लावून बसेल. आमच्या घरात नाही येऊ देत मी हे.

इतकं सहज म्हणाले, आजी. मी कामाचा अंगरखा खुंटीला अडकवला आणि बाहेर पडले, कायमची. तुझ्या फोटोची पुढची छपाई थांबली आहे. दुकानांत गेलेल्या बाटल्या मात्र परत मागवणार नाहीत.

शनिवारी घरी येते. मावशीआजीला तोंड कसं दाखवू?
तुझी बबडी


दि. ५ एप्रिल

चि. बबडीस,
अ. आ.

ये, लगेच ये. आहे तेच तोंड घेऊन ये.

धाकटी माझ्याबरोबर इकडेच आली आहे, थोडे दिवस राहणार. तू येणार म्हटल्यावर म्हणाली की त्या वाक्यवालीला आधी मोरी घासायला लावा. म्हणजे बोलायला लागली आहे, काळजी करू नकोस. आम्ही दोघी रोज एकेक दुकान गाठतो. जिथे माझा फोटो फळीवर दिसतो तिथे मी डोकं उघडून त्याच्या शेजारी उभी राहते. एका दुकानदाराने आम्हाला हाकललं, एकाने बाटल्या आत ठेवल्या, एकाने आम्हाला बसायला स्टूल दिलं आणि बाटल्या तशाच विकत राहिला.

पुरळ निवलं, म्हणून कालपासून मलम पुन्हा सुरू केलंय. मीच लावते तिला. काय सांगू त्याची घाण! पिवळं, चिकट, वास असा की आजोबा ताट उचलून ओसरीवर जातात. केस येतील की नाही याची डॉक्टरीणबाई खात्री देत नाहीत. नळी मी उलटीसुलटी करून बघितली. तिच्यावर कुणाचाच हसरा फोटो नाही.

वाट बघते आहे.
तुझी आजी