पिक ठेवायची जागा

गुरु., ९ जाने.
गिटार वाजवायचं पिक आज परत हरवलं. क्लासला निघायच्या वेळी सोफ्याच्या उशा, भाजीची पिशवी, ह्यांच्या शर्टाचे खिसे, सगळं उलथंपालथं केलं. निघालं कुठे, तर गिटारच्या पोटात. उलटी धरून हलवत बसले. मेलं भोकापाशी येतं आणि परत आत जातं. हे पेपरातून डोकं वर न काढता, "नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा आणि केवढा तो थयथयाट!" नखाएवढा आहे म्हणूनच हरवतो ना.
कोपरला क्लासमध्ये पोचायला उशीर. सर आमच्या निखिलपेक्षा लहान, पण रागावले नाहीत. "काकू, वाजवून झालं की वर तारांमध्ये अडकवून ठेवायचं. नाहीतर एक छोटी डबी करा." तारांत अडकवणं मला चष्मा लावूनही जमत नाही. आणि डबी केली तर डबीच कुठे ठेवली ते विसरेन.

शनि., १८ जाने.
समोरच्या वहिनींकडे हळदीकुंकू. वाण म्हणून चिकटवायचा छोटा प्लास्टिकचा खिसा लुटला, मागे डबल टेप. बायका म्हणत होत्या रिमोटला बरा, चार्जरला बरा. माझ्या डोक्यात भलतंच. घरी येऊन साडीही न बदलता तो गिटारला लावला. गळ्याजवळ, वरच्या खांद्यावर. तिथलं पॉलिश तसंही पुसट झालं होतं. म्हटलं, खराब जागा झाकली जाईल. तीन पिकं आत छान बसली. आरशाला टिकल्या, फ्रिजला गॅसवाल्याचा नंबर. जन्मभर चिकटवतच आले, त्यात ही एक भर.
गिटार ऋताची. म्हणजे खरं तर तिच्या बाबांची. ते जाऊन दोन वर्षं होतील. मी क्लास लावला म्हटल्यावर सूनबाई स्वतः कोलशेतहून घेऊन आली होती. "आई, कपाटावर पडून राहण्यापेक्षा तुमच्या हातात राहू दे." जपून वापरा वगैरे एक शब्द नाही. मीच आपणहून म्हटलं होतं, जपेन हो.

गुरु., २३ जाने.
सरांनी खिसा पाहिला आणि चेहराच उतरला त्यांचा. "अहो काकू, हे काय लावलंत? पॉलिश जुनं आहे, टेप ओढली तर सोबत येईल. घरी हात लावू नका, पुढच्या वेळी आपण सावकाश काढू."
पुढच्या वेळेपर्यंत दम कोणाला? आल्या आल्या नखाने कोपरा उचकटला आणि ओढला. टर्रकन आवाज झाला. टेपला पॉलिशचा पापुद्रा, खाली कोरडं पांढुरकं लाकूड. काडेपेटीएवढं. अतिशहाणी मेली मी!
जेवण गेलं नाही.

शुक्र., २४ जाने.
ह्यांना दाखवलं. "हात्तिच्या! सुताराला बोलावतो सोमवारी. अख्ख्या खांद्यावरून पॉलिशचा असा हात फिरवेल की तिला बापजन्मात कळणार नाही." बोलून गेले आणि स्वतःच चपापले.
मला मात्र हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू? कळणार नाही, एवढंच कानात शिरलं. रात्री गाढ झोपले.

रवि., २६ जाने.
ऋताचा फोन. पुढच्या रविवारी आपल्या ह.कुं.ला येणार, मी वाजवलेलं ऐकायचंय म्हणे. मग सहज बोलल्यासारखी, "आई, गळ्याजवळ पॉलिश पुसट झालंय ना, ते खराब नाहीये हं. मी गाणं म्हणायचे तेव्हा बाबा तिथे बोटांनी ताल धरायचे. धरून धरून गेलंय ते. निखिल मागे म्हणत होता पॉलिश करून घेऊ, मी नाही करू दिलं. ते गेल्यावर मी रोज तिथे बोट ठेवून बसायचे."
मी म्हटलं, "हो का."
हो का! एवढंच सुचलं. फोन ठेवला आणि मोरीत नळ सोडून रडले.
अख्ख्या गिटारीत नेमकी तीच जागा. तीही खराब म्हणून निवडली मी.

मंगळ., २८ जाने.
सुतार काल आला नाही ते देवाचीच कृपा. आज नको म्हणून कळवलं. हे वैतागले. "पॉलिश नको, सांगणं नको, मग हवंय काय तुला?" बरोबरच आहे त्यांचं. फोन हातात घेते, ऋताचं नाव काढते, परत ठेवते. आई आई करते ती मला. मी तिच्या बाबांचं होतं नव्हतं ते...
खिसा टाकलेला नाही. मागचा पापुद्रा तसाच चिकटलेला आहे. केरात टाकायला हात होत नाही.

रवि., २ फेब्रु.
झालं एकदाचं ह.कुं. घरभर बायका. पदर पुढे ओढून गिटारच्या खांद्यावर टाकला आणि वाजवलं. ऋता मोबाइल धरून समोर खाली बसलेली. "आई, पदर जरा बाजूला घ्या ना, बाबांची जागा दिसू दे."
"राहू दे गं, घसरतो तो."
दोनदा चुकले. तरी टाळ्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला बघवेना.
निघताना तिने हातात पत्र्याची छोटी डबी ठेवली. "हे माझ्याकडून तुम्हाला वाण. सर डबी ठेवा म्हणतात ना? बाबांची आहे." आत चार पिकं, एका कडेने झिजलेली.
तेव्हा सांगायचं होतं. दारात दोघीच होतो. मी काय केलं, तर तिळगूळ दिला आणि गोड बोलले. फारच गोड बोलले. शी!

बुध., ५ फेब्रु.
न कळवता कोलशेतला गेले. निखिल ऑफिसात, ऋता घरूनच काम करत होती. "आई, अचानक? बरं आहे ना सगळं?" पाणीसुद्धा न घेता गिटार काढली, जागा दाखवली. सगळं सांगितलं. वाण, टेप, सुतार, पदर. पदराचंसुद्धा.
तिने बोट त्या लाकडावर ठेवलं, लगेच उचललं. मग विचारलं, "तो खिसा टाकला का?"
पर्समधून काढून दिला. मी भरून देईन, नवीन आणेन, असलं काही तोंडात आलं होतं, ते गिळलं. तिने तो उलटा केला, पापुद्र्यावर अंगठा ठेवला आणि तशीच आत गेली. मी गिटारपाशी बसून राहिले.
चहा घेऊन आली. "साखर घातलीये. चालेल ना?"
सहा वर्षं न विचारता मला बिनसाखरेचा देते ती. मी सगळा प्यायले.
डबीही नेली होती, टीपॉयवर ठेवली. तिने ना उचलली, ना घेऊन जा म्हणाली. लिफ्टपर्यंत आली मात्र. दार बंद होताना म्हणाली, "क्लास उद्या ना?"
मी हो म्हटलं. गिटार तिच्याकडेच आहे.