तिसऱ्या चार्जरमधला बल्ब

बाबा,

आधी काय घडलं ते लिहिते.

१. तुमच्या बॅटरी चार्जिंगच्या दुकानात तीन जुने लोखंडी चार्जर होते. दोन मी वापरत होते. तिसरा गेल्या आठवड्यात चुलतभाऊ मला न विचारता घेऊन गेला.
२. त्याने तो रानडुकरांसाठी धानाच्या बांधीभोवती ओढलेल्या तारेला जोडला.
३. शनिवारी सकाळी तो बंद करायला विसरला. शेजारच्या काकूंचा शेताच्या धुऱ्यावरून जाताना तारेला हात लागला.
४. काकू वाचल्या. उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली.
५. चार्जरचा तो डबा मी उघडला.

तुम्ही गेल्यावर दुकान बंदच होतं. आता कटंगीत चार्जिंगला बॅटरी कोण आणतो? इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून परत आले तेव्हा आई म्हणाली, हे चार्जर भंगारवाल्याला देऊन टाक. मी दिले नाहीत. टपात पाणी, धुण्याचा सोडा, एका बाजूला लोखंडी पत्रा, दुसऱ्या बाजूला गंजलेला विळा, आणि तुमच्या चार्जरचे बारा व्होल्ट. चार-पाच तासांत गंज सुटून येतो. धानकापणीच्या आधी बायका विळे घेऊन येऊ लागल्या. काकूही आल्या होत्या. विळा उलटापालटा करून म्हणाल्या, "तुह्या बापानं जल्मभर बॅटऱ्या भरल्या, तुले हे कसं सुचलं व?" मला बरं वाटलं होतं. तुमची वस्तू मी तुमच्यापेक्षा चांगली वापरते आहे, असंही वाटलं होतं.

तिसऱ्याला मात्र मी हात लावला नव्हता. अजून दिसतं: मी आठवीत आहे, दुकानात स्टुलावर चढून तो फळीवरून ओढते आहे, आणि तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारता. "तो डबा बिघडलेला हाय. हात नोको लावू." बाकीचे दोन उघडून दाखवले होते तुम्ही, त्यामुळे तो फटका मला फार लागला. पोरीनं किती शिकावं याची ही हद्द असेल, असं मी ठरवून टाकलं. पण तुमचा शब्द पाळला. शिकून आल्यावरही पाळला. हा मूर्खपणा माझा.

डबा बिघडलेला नव्हता. ट्रान्सफॉर्मर बाजूला काढला होता आणि फेजची २३० व्होल्टची तार सरळ बाहेरच्या खिळीवर आणली होती. मध्ये शंभर वॉटचा एक बल्ब. जोडावर टेप, टेपवर सुती दोऱ्याचे वेढे, वरून मेणबत्तीचं मेण. असा जोड तुमच्याशिवाय मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

चुलतभाऊ माझ्यासमोर उकिडवा बसून रडत होता. "म्या काहीच नाही केलं, ताई. काकाजीनंच बनवलता. म्हणे, अंदर बल्ब हाय, झटका मऊ होते. डुक्कर पयते, मरत नाही."

बल्ब मध्ये टाकला की करंट मऊ होतो. बॅटरीसाठी हे खरं आहे, तुम्ही वीस वर्षं तसंच काम केलं. पण तो बल्ब चारशे मिलिअँपिअर जाऊ देतो, बाबा. ओल्या धुऱ्यावर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या पावभागही पुरे होतो. हे गणित एका ओळीचं आहे. तुम्ही ते केलं नाहीत, आणि जिला करता आलं असतं तिला डबा बिघडलेला आहे म्हणून सांगितलंत. मला खरं सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी तो सुटा केला असता. पुतण्याला वापर सांगितलात, मुलीला खोटं. याचा मला जितका राग आहे तितका काकूंनाही नाही. त्या दवाखान्यात पट्टी बांधलेला हात छातीवर ठेवून म्हणतात, "डुकरं तं रोज येऊन खाऊन राह्यले. सापडली मीच."

पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले, "आप टेक्निकल हैं, लिखकर दीजिए अंदर क्या था और किसने बनाया." आई पदर तोंडाला लावून म्हणते, "मेलेल्या माणसाचं नाव काहून काढतं? त्याले काय ते सांगू दे." त्याला म्हणजे चुलतभावाला. त्याच्या घरात दोन लहान मुलं आहेत. बनवणाऱ्याचं नाव मी लिहिलं नाही तर सगळं त्याच्यावर जाईल.

तुम्ही बनवलं हे मला माहीत आहे, ते विचारत नाही. या तारेनं माणूस मरू शकतो, हे तुम्ही त्याला सांगितलं होतं का? तो म्हणतो, नाही. फक्त "सकाळी काढायचा" एवढंच म्हणालात. सांगितलं असेल आणि तरी तो विसरला असेल, तर चूक त्याची. सांगितलं नसेल तर तुमची. आणि तुम्हाला स्वतःलाच माहीत नसेल, तर ते कसं लिहायचं हे मला कळत नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही, माहीत आहे. एक सांगून ठेवते. ठाण्यात द्यायच्या कागदाच्या कच्च्या मसुद्यात मी लिहिलं आहे, "जोडणी कोणी केली हे सांगता येत नाही." कामाच्या कागदावर मी लिहिलेलं हे पहिलं खोटं वाक्य.

पक्का कागद सोमवारी सकाळी द्यायचा आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.