स्वेटरचं लाल बटण

ताई,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. गाडी लवकर आली, मी अ‍ॅडमिट व्हायला निघाले.

चिमी उठायच्या आत माझा करडा स्वेटर अंगात घाल. त्याचं वरचं लाल बटण बाकीच्यांशी जुळत नाही. तुझ्या डोळ्यांना ते खुपेल, पण मागच्या वेळेसारखं बदलून ठेवू नकोस. तेव्हा माझी लेक दिवसभर माझ्याजवळ फिरकली नव्हती.

डॉक्टरांनी तिला स्क्रीनवर ह्याच स्वेटरमधला माझा फोटो दाखवून तिची नजर कुठे जाते ते तपासलं होतं. चेहऱ्यावर ती ठरलीच नाही, सगळा वेळ त्या बटणावर होती. मी तिथे हसण्यावारी नेलं.

भरवताना ‘इकडे बघ’ म्हणत तिची हनुवटी वर करू नकोस. बटणाकडे बघत ती सगळं ऐकते आणि मुकाट्याने जेवतेही.

ऑपरेशननंतर घरी कधी सोडतील, कोणी धड सांगत नाही. स्वेटर तुला नीट बसेल. चिमी तुझ्या मांडीवरही येईल.

तिने मला शोधलं तर लगेच फोन कर. नाही शोधलं, तर फोनवर दुसरंच काहीतरी बोल.