दोन सुयांवरचे टाके

आई, मला टाके अजून घालता येत नाहीत. विणता सगळं येतं, सुलट, उलट, वेण्यासुद्धा; पण मोकळ्या सुईवर पहिली ओळ घालायची म्हटलं की हात अडतो. ती ओळ कायम तू घालायचीस. कॅम्प चारच्या वस्तीतल्या आपल्या खोलीत कुकर लावून झाला की तू पाटावर बसायचीस, भराभर टाके चढवायचीस आणि सुई माझ्या हातात द्यायचीस. एकदा मी हट्टाने स्वतः घातले. टोपरं दिसायला छान झालं, पण काठ इतका आवळलेला की मामाच्या बाळाच्या कपाळाखाली उतरेना. बाळ रडून लालबुंद. तू ते तिथेच उसवलंस आणि म्हणालीस, माझा हात घट्ट आहे, मी आपलं पुढचं विणावं. मला तेव्हा ते लाडच वाटले.

मग लग्न होऊन मी बदलापूरला, खरवईत गेले. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. एका रविवारी आले, तर समोरच्या सिंधी घरातली नवी सून तुझ्या शेजारी माझ्या पाटावर बसलेली. तू तिला दोन सुया एकत्र धरायला लावल्या होत्यास. दोन्हींवर मिळून टाके घालायचे आणि मग एक सुई ओढून घ्यायची, की काठ आपोआप सैल. एवढंच होतं! घट्ट हातावरचा इतका सोपा उपाय तुझ्याकडे होता, आणि तो तिला मिळत होता. "दीदी, आंटीने मला एका दिनमध्ये शिकवलं, देखो ना," ती हसत म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती गेल्यावर भांडी आदळत मी तुला विचारलं, मला का नाही कधी दाखवलंस. तू गवार मोडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तिने विचारलं. तुला आयती सुई हवी असायची."

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पुढे महिनाभर मी फिरकले नाही.

तू गेलीस तेव्हा तिला सातवा महिना होता. तुझे दिवस झाल्यावर ती आली आणि चाचरत म्हणाली, "आंटीने माझ्या बाळासाठी टोपी चालू केली होती. मिळाली तर द्याल?" मी सांगितलं, तुझ्या विणकामाच्या पिशवीत तसलं काही नव्हतं.

होतं, आई. पिवळी लोकर, बहात्तर टाके, दोन्ही सुयांवर. एक ओढून काढायची तेवढी राहिलेली. तिचा मुलगा आता कॉलेजात जातो. पिशवी माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, हे पत्रही तिच्यातच ठेवीन. मधूनच मी ते टाके काढून मोजते. त्यातला एकही माझ्यासाठी घातलेला नाही, हे मला माहीत आहे. तरी ते तिला द्यावेत असं मला अजून वाटत नाही.